मिठाला जागलेला चोर

अठरा दिवसांत परत येतो, असं सांगून अमीर हमजा काफ पर्वतापलीकडे निघून जातो. तिकडे पऱ्यांचं राज्य आहे, त्यांच्यावर देव उठले आहेत. फारसी कथांमध्ये देव म्हणजे आपला राक्षस. त्या देवांचा बंदोबस्त करायचा आणि परतायचं, एवढाच बेत असतो. पण ते अठरा दिवस अठरा वर्षांचे होतात. मागे राहते मेहेरनिगार, इराणचा बादशहा नौशेरवान याची मुलगी आणि हमजाची वाग्दत्त वधू. तिला ओढून न्यायला तिच्या बापाच्या फौजा टपलेल्या, शिवाय तिच्यावर डोळा ठेवून असलेले सरदार आपापलं सैन्य घेऊन आलेले. हमजाचे पहिलवान शूर आहेत, पण शौर्याने कोठारातलं धान्य वाढत नाही.

मग हे सगळं येऊन पडतं एका उंटवाल्याच्या पोरावर. तो चोर आहे, कंजूष आहे. लढाई संपली की प्रेतांच्या अंगावरचे दागिने गोळा करत फिरणारा आहे. अठरा वर्षं तो त्या मुलीला एका गडावरून दुसऱ्या गडावर नेत राहतो. एका गडावरचा दाणागोटा संपला की वेष पालटून दुसऱ्या गडात शिरतो, तिथल्या किल्लेदाराला गुंगवतो, दरवाजा आतून उघडतो आणि रातोरात सगळ्यांना तिकडे हलवतो. पाठलाग करत आलेल्या फौजेवर तटावरून पेटतं तेल फेकतो. पुन्हा वेढा पडतो, पुन्हा कोठार रितं होतं, पुन्हा नवा गड. या अठरा वर्षांत तो दुनियेला लुटतो, पण ज्याची राखण पत्करली त्याला धक्का लागू देत नाही.

त्याचं नाव अमर ऐयार. पुढच्या पानांत त्याच्या गोष्टी मी मराठीत सांगितल्या आहेत, आणि त्या का सांगाव्याशा वाटल्या हे सांगायला ही प्रस्तावना.

दास्तान-ए-अमीर हमजा हमजाच्या नावाने ओळखली जाते. हमजा देखणा, उदार, शूर, दिल्या शब्दाचा पक्का आहे. पण मी ही दास्तान जितक्यांदा वाचली तितक्यांदा मला जाणवलं, की हमजा रणात उतरला की आपण त्याच्याकडे आदराने पाहतो आणि अमर पडद्याआडून डोकावला की पुढे सरसावून बसतो. हमजा जिंकणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. अमर या वेळी निसटेल की नाही, आणि निसटला तर कसा, हे मात्र सांगता येत नाही. हमजा घोड्यावर असतो आणि अमर त्या घोड्याबरोबर पायी पळतो, घोड्याहून वेगाने. त्याच्या रूपाचं वर्णन करताना दास्तानवाले हात आखडता घेत नाहीत. वाळल्या भोपळ्यासारखं डोकं, जिऱ्याएवढे डोळे, सुतासारखी मान, दोरीसारखे हातपाय. असा माणूस दरबारात बसलेल्या राजपुत्रांच्या रांगेत शोभणारा नव्हे. तरी त्या रांगेला जगवतो तोच.

'ऐयार' या शब्दापाशी मी बराच अडलो. भामटा म्हटलं तर निष्ठा निसटते. हेर म्हटलं तर खोड्या निसटतात. ठक, बिलंदर, बेरकी, चलाख, इरसाल, बहुरूपी या प्रत्येक शब्दात त्याचा एक तुकडा आहे. बहुरूपी सर्वांत जवळचा वाटला. लहानपणी सुगी झाली की आमच्या गावात बहुरूपी यायचे. एकदा दारात खाकी कपड्यांतला फौजदार उभा राहिला आणि माझ्या चुलत्यांच्या नावाने वॉरंट आहे म्हणून दरडावू लागला. घरातली मोठी माणसं क्षणभर खरोखर गडबडली. मग त्याने हसून पदर पसरल्यासारखे हात पुढे केले आणि आजीने सुपातून धान्य आणून त्याच्या झोळीत घातलं. त्या क्षणभराच्या गडबडीची आठवण मला अमरच्या प्रत्येक वेषांतरापाशी होते. पण बहुरूपी वेष उतरवून घरी जातो आणि अमरच्या वेषावर शेकडो जीव टांगलेले असतात. शेवटी मी ऐयार हाच शब्द ठेवला. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आपल्याकडे पुष्कळांनी हिंदीतून वाचली, आणि १९९४ पासून दूरदर्शनवर तिच्यावरची मालिका लागायची तेव्हा मराठी घरांतली पोरंही ऐयार-ऐयार खेळत होती. शब्द परका राहिलेला नाही. खत्रींचे ऐयार अमरच्याच कुळातले, कमरेला बटवा बांधणारे आणि बेशुद्धीची पूड जवळ बाळगणारे. फक्त अमरच्या मानाने ते फार सुसंस्कृत आहेत.

हा शब्द केवळ कथेतला नाही. नवव्या-दहाव्या शतकांत इराण-इराकच्या शहरांमध्ये ऐयारांच्या टोळ्या खरोखरच होत्या. कधी वाटमारी करणाऱ्या, कधी शहराची राखण करणाऱ्या, कधी एखाद्या सरदाराच्या बाजूने लढणाऱ्या. सत्ताधाऱ्यांच्या लेखी ते गुंड होते. त्यांचे स्वतःचे मात्र नियम होते. शब्द मोडायचा नाही, आसरा मागणाऱ्याला सोडायचं नाही, मीठ खाल्लं त्याच्याशी दगा करायचा नाही. याच ऐयारांमधून याकूब बिन लैस वर आला. तो सीस्तानातला, म्हणजे आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरचा. मूळचा तांबट. त्याने उभ्या केलेल्या घराण्याला सफ्फारी म्हणतात, आणि सफ्फार म्हणजे तांबटच. भांडी ठोकणाऱ्या हातांनी त्याने इराणचा मोठा भाग जिंकला आणि बगदादच्या खलिफालाही धडकी भरवली.

या घराण्याबद्दल एक आख्यायिका आहे, आणि अमर मला खऱ्या अर्थाने कळला तो तिच्यामुळे. या घराण्यातला एकजण चोर असताना रात्री सीस्तानच्या अमिराच्या खजिन्यात शिरला. गाठोडं बांधून निघणार तेवढ्यात अंधारात काहीतरी चकाकलं. रत्न असावं म्हणून त्याने उचललं, पारखायला जिभेला लावलं, तर तो मिठाचा खडा निघाला. चोराने गाठोडं तिथंच ठेवलं आणि रिकाम्या हाताने बाहेर पडला. ज्याचं मीठ जिभेला लागलं त्याचं घर लुटायचं नाही. खाल्ल्या मिठाला जागणं हे आपणही म्हणतो, पण बहुधा चाकराबद्दल, सैनिकाबद्दल. इथं ते चोराबद्दल आहे, आणि चुकून जिभेला लागलेल्या मिठाबद्दल आहे.

अमरचं मीठ कोणतं? माझ्या मते ते दूध आहे. हमजा, अमर आणि पुढे मोठा तिरंदाज झालेला मुकबिल ही एकाच दिवशी मक्केत जन्मलेली तीन पोरं, एकाच दाईच्या दुधावर वाढलेली. त्या दुधातही अमर आपला वाटा वाढवून घेतो. रात्री दोघांना ढकलून देऊन सगळं स्वतः पितो, दाईचे दागिने पळवतो आणि हमजाच्या उशाखाली लपवतो, म्हणजे आळ त्याच्यावर यावा. पुढे वाढत्या वयात सगळ्या खोड्या याच्या आणि निस्तरायला हमजा. हमजा त्याला कधी टाकत नाही. ही गोष्ट दास्तानमध्ये ठळक अक्षरांत कुठे लिहिलेली नाही, पण अठरा वर्षांच्या त्या गडागडांवरच्या राखणीमागे मला तेच दिसतं. जन्मभर दुसऱ्याच्या वाट्याचं पिणाऱ्या माणसाने ते एकदाच, आणि पुरेपूर, फेडलं.

आता त्याच्या झोळीबद्दल, कारण मुलांना सर्वांत आधी तीच हवी असते. सरनदीप, म्हणजे आजची श्रीलंका. तिथं डोंगरमाथ्यावर बाबा आदमचं पाऊल उमटलं आहे अशी श्रद्धा आहे. बौद्ध त्याच पावलाला बुद्धाचं मानतात आणि हिंदू शिवाचं. लंधौर नावाच्या अवाढव्य राजाशी हमजाची गाठ पडते ती याच बेटावर, आणि इथंच अमरला जुन्या काळच्या पैगंबरांकडून देणग्या मिळतात. एक घोंगडी, पांघरली की माणूस दिसेनासा होतो. एक जाळं, कितीही वजन त्यात उचलता येतं. आणि जंबील, म्हणजे झोळी. या झोळीत काहीही मावतं आणि तिचं ओझं होत नाही. आत सात शहरं आहेत, नद्या आहेत, पकडून टाकलेले कैदी तिथं राबत असतात. अमर तंबू लुटतो, गालिचे लुटतो, समया आणि पातेली लुटतो आणि सगळं झोळीत टाकतो. मग कुणी चार पैसे मागितले की गयावया करतो, मी गरीब, माझी पोरंबाळं उपाशी. एवढं ऐश्वर्य खांद्यावर आणि तोंडात दारिद्र्य. त्याचा कंजूषपणा मी कुठेही सौम्य केलेला नाही. उपाशी घरात जन्मलेल्या माणसाला साठवण्याची भूक कशी सुटत नाही, हे या कथाकारांनी फार नेमकं पाहिलेलं आहे.

देणग्यांबरोबर त्याला एक वरही आहे. स्वतःच्या तोंडाने तीनदा मरण मागेपर्यंत त्याला मरण नाही. मराठी कानाला वाटेल की म्हणूनच याचं नाव अमर. तसं नाही. मूळ नाव अरबी अम्र, आपल्या अमरशी त्याचा संबंध नाही. पण उर्दू कथाकारांच्या तोंडी ते अमर झालं, आणि हा योगायोग मी आनंदाने स्वीकारला.

या गोष्टींचा प्रवासही सांगायला हवा. हमजा हे ऐतिहासिक नाव आहे. ते पैगंबरांचे चुलते, इसवी सन ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत पडले. दास्तानचा शेवटही तिथेच होतो. पण मधली सगळी चमत्कारांची सृष्टी इराणी कथाकारांनी आणि पुढे हिंदुस्थानातल्या कथाकारांनी रचली. बाबराला हे लेखन म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला होता. त्याचा नातू अकबर मात्र या कथांच्या नादी लागला. १५६४ साली हत्तींच्या शिकारीवर असताना तो दरबारखान नावाच्या कथेकऱ्याकडून हमजाच्या गोष्टी ऐकत असल्याची नोंद अबुल फजलने केली आहे. त्याच सुमारास अकबराच्या चित्रशाळेत या कथेच्या चित्रांचं काम चालू होतं. आधी मीर सय्यद अली आणि मग अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा वर्षं ते चाललं. १,४०० चित्रं, सुती कापडावर, प्रत्येक जवळजवळ दोन फूट उंच. मागच्या बाजूला मजकूर. चित्र समोर धरायचं आणि कथेकऱ्याने गोष्ट सांगायची, यासाठी ते केलं असावं असं अभ्यासकांना वाटतं. आपल्याकडच्या पिंगुळीच्या चित्रकथी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्या चित्रांपैकी दोनशेही आज उरलेली नाहीत. व्हिएन्नाच्या संग्रहालयात साठ आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या बऱ्याचशा चित्रांची हकीकत वाचून मी सुन्न झालो होतो. १८८१ साली संग्रहालयाचे कॅस्पर पर्डन क्लार्क श्रीनगरला गेले असताना त्यांना ती सापडली. कुणीतरी ती थंडीवाऱ्यासाठी खिडक्यांना लावली होती. अकबराच्या चित्रकारांचं काम वाऱ्याला अडवत होतं. उरलेल्यांपैकी एका चित्रात अमर शस्त्रवैद्याच्या वेषात आहे आणि जादूगारांवर भलतेच औषधोपचार करतो आहे. जादूगारांचे पिळवटलेले चेहरे, एकाला दुसरा सावरतो आहे. चित्रकाराला त्यात किती मौज आली असेल ते रेषेरेषेतून दिसतं.

ही दास्तान उत्तरेतच राहिली असंही नाही. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत आलेल्या एका इराणी किस्सेकऱ्याने ती फारसीत लिहून काढली, म्हणजे दख्खनला ती अनोळखी नव्हती. पण तिला खरा बहर आला लखनौत. तिथले दास्तानगो रज्म, बज्म, तिलिस्म आणि ऐयारी अशी चार अंगं मानत. युद्ध, मैफल, मायावी जग आणि ठकबाजी. मूळ फारसी कथेत युद्ध पुढे होतं. लखनौकरांनी शेवटची दोन अंगं अशी फुलवली की हमजा बाजूला पडला आणि अमरची सत्ता सुरू झाली. मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने १८८३ पासून ही दास्तान छापायला घेतली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिचे ४६ खंड झाले, बहुतेक खंड हजाराच्या आसपास पानांचे. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांचं 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा त्यातला सर्वांत लाडका भाग.

होशरुबा म्हणजे शुद्ध हरपवणारं. हमजाचा मुलगा शिकारीत एक हरीण मारतो आणि ते हरीण नसून जादूगार असतं, इथून सुरुवात. राजपुत्र कैद होतो, त्याला सोडवायला हमजाचा नातू असद निघतो आणि त्याच्याबरोबर पाच ऐयार, म्होरक्या अमर. समोर जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब. तिथली बहार नावाची जादूगारीण पुष्पगुच्छ फेकते आणि भोवती वसंत फुलतो, आणि त्या वसंतात जो सापडला तो तिच्या प्रेमात वेडा होऊन स्वतःची मान कापायला तयार होतो. अशा शत्रूपुढे तलवार काय करणार? इथं अमर म्हातारी होतो, गवई होतो, आचारी होतो, शत्रूच्याच दासीचं रूप घेतो. त्याच्या तोडीस तोड सरसर नावाची ऐयारीण अफ्रासियाबच्या बाजूला आहे. ती त्याला ओळखते, तो तिला ओळखतो, आणि दोघंही एकमेकांच्या हातून सुटत राहतात. त्यांच्या झटापटींना मी या पुस्तकात मुद्दाम ऐसपैस जागा दिली आहे. दोन कारागीर एकमेकांच्या कामाची कदर करत लढतात, असं दृश्य कथांमध्ये विरळा.

अरबी सुरस कथा मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून आहेत. गौरी देशपांडे यांनी तर बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले. हातिमताई आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ असे. अमर ऐयारचं नाव मात्र मी घरीदारी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांनी ऐकलेलं होतं. म्हणून मी हे काम हाती घेतलं आणि ते करताना मराठीने मला फार साथ दिली. फौज, किल्लेदार, जासूद, मशाल, खजिना, तैनात, हुजऱ्या, बंदोबस्त, हे सगळे फारसी-अरबी वळणाचे शब्द शिवकाळाआधीपासून आपल्या घरात आहेत. गडाला वेढा पडणं, दोर लावून कडा चढणं, दारूगोळा संपणं, रात्रीत निसटणं यासाठी मला एकही शब्द नव्याने घडवावा लागला नाही. बहिर्जी नाइकांच्या वेषांतरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकालाही ऐयारी काय असते ते वेगळं सांगायला नको.

काही गोष्टी मी गाळल्या आहेत. मूळ दास्तानीत एकच युक्ती नावं बदलून पुनःपुन्हा येते. कानांनी ऐकताना ती पुनरुक्ती गोड लागते, छापील पानावर थकवते. हरलेल्याने धर्म स्वीकारला तर जीवदान, नाहीतर मृत्यू, असे प्रसंग मात्र मी पुसलेले नाहीत. ते त्या कथेच्या जगाचा भाग आहेत, आणि ते मला टोचतात हेही इथं नोंदवून ठेवतो. अमरचं क्रौर्यही लपवलेलं नाही. तो झोपलेल्यांना मारतो. लहान मुलांना वाचून दाखवणाऱ्यांनी तेवढी पानं आधी डोळ्यांखालून घालावीत.

वाचून दाखवा, एवढी विनंती आहे. ही कथा डोळ्यांसाठी जन्मली नाही. दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतले शेवटचे मोठे दास्तानगो. पहिलवानाचं वर्णन करताना ते बसल्या जागी पहिलवान दिसायचे आणि म्हातारीचं करताना म्हातारी, असं त्यांना ऐकलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. उतारवयात श्रोते उरले नाहीत तेव्हा ते सुपारी विकत. १९२८ मध्ये ते गेले आणि ती कला जवळजवळ ऐंशी वर्षं मुकी झाली. २००५ साली दिल्लीत महमूद फारुकी यांनी शम्सुर्रहमान फारुकींच्या मार्गदर्शनाने ती पुन्हा उभी केली, आणि पांढऱ्या अंगरख्यात बसलेल्या दोन माणसांच्या तोंडून अमर पुन्हा बोलू लागला. रंगमंचावर एक गादी, दोन लोड आणि पाण्याचे पेले, याहून जास्त काही लागत नाही. तुमच्या घरातही एवढं असेलच.

पहिली गोष्ट अमरच्या जन्माची आहे. नौशेरवानचा वजीर बुजुर्गमेहेर मक्केत आला आहे. आज जन्मलेल्या प्रत्येक मुलग्यामागे बापाला मोहोरा मिळणार, अशी दवंडी पिटली गेली आहे. उमय्या नावाचा उंटवाला ती ऐकून धावत घरी जातो. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर आहे आणि त्याला मोहोरा आजच हव्या आहेत. त्या घरात काय घडलं ते वाचायला कठीण आहे, आणि ते मी सौम्य केलेलं नाही, कारण अमरला आई का नव्हती हे वाचकाला ठाऊक असायला हवं. संध्याकाळी उमय्या फडक्यात गुंडाळलेलं पोर घेऊन वजिरापुढे उभा राहतो. वजीर त्या पोराला मांडीवर घेतो, त्याच्याकडे पाहून हसतो आणि मोहोरा मोजायला हात पुढे करतो. बोटातली अंगठी नाहीशी झालेली असते. सगळे शोधू लागतात, गालिचे उचलले जातात, नोकरांच्या झडत्या होतात. पोर तोंड घट्ट मिटून पडलेलं आहे.